वेलांटी

दुकानावरची पाटी माझीच :
फ्लेक्स, लग्नपत्रिका, तेरवीचे कार्ड.
भिवापूरच्या स्टँडासमोर.
नेत्याच्या वाढदिवसाला त्याचे गाल गोरे करायचे
पन्नास रुपये वेगळे.
लोगो कोणी मागितलाच नव्हता आजवर,
म्हणून पंचफुला गजभिये दारातून म्हणाली,
"भाऊ, एक निशाणी पायजे,"
तेव्हा मी विचारलं, कोणत्या पक्षाची?

चौघी आत आल्या, मागोमाग मला ठसका.
लुगड्यांना अजून सातऱ्याचा वास,
तीस हंगाम व्यापाऱ्याच्या सातऱ्यावर
मिरचीचे देठ खुडलेले, किलोच्या भावानं.
आता स्वतःचं तिखट. गटाचं. चक्कीसुद्धा ठरलेली.

नागपूरच्या क्लासात सर सांगायचे,
गिऱ्हाईकाला आधी रंग विचारू नका, काम विचारा.
मी रंग विचारला.
सयत्राबाईनं पदराची गाठ सोडली,
एक वाळली मिरची कीबोर्डवर ठेवली.
"हा."

पडद्यावर तो लाल येईना.
एकदा कुंकू आलं, एकदा एसटी,
एकदा चक्क गॅसचा सिलिंडर.
रात्री ज्वाळा काढल्या, पुसल्या.
मिशीवाली मिरची. डोळा मारणारी मिरची.
मग मिरचीच पुसली
आणि नुसतं 'तिखट' टाईप करून
चहा गार होईस्तोवर पाहत बसलो.
ति.
त-च्या डावीकडून वर चढून
डोक्यावर वाकलेली वेलांटी,
अरे, हा तर देठ!
तेवढी हिरवी केली, बाकी अक्षरं लाल.
इतकं सोपं की कोणाचं चोरलं तर नाही ना,
अशी धास्ती वाटली.

सकाळी चौघींनी पाहिलं.
रेवंता चौथी शिकलेली, तिनं वाचलं.
पंचफुलानं वाचलं नाही, म्हणून तिला दिसलं.
"डेठ काहून ठेवला रे?
डेठासंगं दळते तो चोर, वजन वाढवाले.
आमी उभी जिंदगी तोच खुडला,
अन् तू निशाणीवर बसवला?"

मी डिझाइन समजावायला लागलो.
दोन वाक्यं झाली.
तिसऱ्याला तिनं अंगठा पुढे केला,
नखाच्या कडेला जुनी खाच,
आत मुरलेला पिवळा.
मी माऊस धरला.
वेलांटी उचलली,
खाली टाकली, आडवी, तुटकी.
"आता?"
"आता पडला."
"पण बाई, हे तखट झालं नं," रेवंता म्हणाली.
"झालं तं झालं," सयत्राबाई उठत म्हणाली,
"खाणाऱ्याले समजते."

पाचशे लेबलं नागपूरला छापायला गेली.
छापखान्यातल्या कोण्या भल्या माणसानं
आमची चूक दुरुस्त केली.
वेलांटी परत जागेवर, घट्ट, हिरवीगार,
आणि गठ्ठ्यावर चिठ्ठी :
शुद्धलेखन पाहत जा.

भरपाईचे पैसे मोजून खिशात घातले,
पंचफुलाच्या घरी गेलो.
सपरीत मधोमध लेबलांचा ढीग,
भोवती सगळा गट, जसा सातऱ्यावर बसतो तसा.
अंगठ्याचं नख. एक खुडणं. पुढचं.
एक खुडणं. पुढचं.
हिरव्याच्या जागी पांढरा ओरखडा,
कुठे लांब, कुठे त-ला चाटून गेलेला,
एकासारखा दुसरा नाही.
सर म्हणायचे, ओळख म्हणजे
हजार ठिकाणी तेच, तसंच, तेवढंच.
सरांना हे दाखवायचं कसं, ठरेना.

चपला काढून मीही बसलो.
माझं नख मऊ, बाराव्या लेबलाला दुमडलं.
पंचफुलानं माझ्यासमोरचा गठ्ठा
आपल्याकडे ओढून घेतला.
"तुह्याच्यानं नाई होत, भाऊ.
तू मोज."